डोहातल्या लोकांचं अनेकवचन: एकांकिकेसाठी भाषा बनवतानाच्या नोंदी

१४ जून, सांगली

नोव्हेंबरच्या स्पर्धेसाठी एकांकिका बसतीये. कृष्णेच्या डोहात राहणारी माणसं पुराच्या पाण्याबरोबर गावात येतात असा विषय आहे आणि दादांना (दिग्दर्शक) त्या लोकांच्या तोंडी स्वतंत्र भाषा पाहिजे. नुसते विचित्र आवाज नकोत म्हणाले. जुन्या पौराणिक नाटकातला राक्षस अललडुर्र ओरडत यायचा आणि तेवढ्यावर भागायचं, पण आता प्रेक्षक मोबाइलवर दहा देशांच्या सिरीयल बघतो, त्याला खोटी भाषा लगेच कळते. काम माझ्या गळ्यात पडलंय कारण ग्रुपमध्ये व्याकरणावर वाद घालणारा मीच.

आपल्याकडं कुणी असं काही करत असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतोय. नाटकात सारखं एक–अनेक येतं, एक होडी आली, होड्या आल्या, एक माणूस बुडाला, माणसं बुडाली, त्यामुळं सुरुवात अनेकवचनापासून केली. शब्दाच्या शेवटी शेपूट (प्रत्यय) लावायचं नाही असं ठरवलंय, शब्दाच्या आतला स्वर बदलायचा. इंग्रजीत फुट–फीट, माऊस–माईस होतं तसं.

जतचा पोरगा आहे आमच्यात, घरी कन्नड बोलतो. तो म्हणाला, "आमच्यात मने–मनेगळु (घर–घरं), मर–मरगळु (झाड–झाडं), सरळ शेपूट जोडायचं. तुम्ही शब्दाची आतडी कशाला ओढताय?" मुद्दा बरोबर आहे. पण स्टेजवर प्रत्येक अनेकवचनाला एकच शेपूट आलं की चार वाक्यांत ते यमक जुळवल्यासारखं वाजायला लागतं, आणि दादांना तर ते अजिबात चालणार नाही.

१७ जून

पहिला प्रयोग ऱ्हस्व–दीर्घाचा. दगडाला "गुम", अनेक दगड "गूम". दक्षिण सुदानमधल्या डिंका भाषेत नुसत्या स्वराच्या लांबीवर, स्वराच्या जातीवर आणि आवाजाच्या चढउतारावर एकवचन–अनेकवचन चालतं, शेपूट बिपूट काही नाही, तिथं तर स्वराच्या तीन लांब्या मानतात. म्हटलं आपल्याला दोन जमायला काय हरकत आहे.

जमलं नाही. चाचणी अशी घेतली: एकानं पडद्यामागून शब्द वाचायचा, बाकीच्यांनी एकवचन वाटलं तर एक बोट आणि अनेकवचन वाटलं तर पंजा वर करायचा. निम्मे बरोबर, निम्मे चूक, म्हणजे अंदाजपंचेच. कारण नंतर लक्षात आलं की मराठीत ऱ्हस्व–दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना जागेप्रमाणं आपोआप होतं. दिन आणि दीन शुद्धलेखनात वेगळे, बोलून दाखवा म्हटलं तर बहुतेकांचे सारखेच. ज्या कानाला घरी या फरकाची सवय नाही त्याला तो नाट्यगृहात कुठून ऐकू येणार. वर हॉलचा पंखा घरघरत होता तो वेगळाच.

ही बोटं–पंजाची चाचणी मात्र ठेवा. फुकट आहे आणि खोटं बोलत नाही.

२१ जून

जर्मन पद्धत. आप्फेल–एप्फेल (सफरचंद), मुटर–म्यूटर (आई), ब्रूडर–ब्र्यूडर (भाऊ). हे मी इथं लिहिलंय तसं नाहीये, "उ" म्हणायला ओठ गोल करून जीभ "ई"ला न्यायची असते. आमच्या मंडळींनी सरळ "यू" केलं. चार दिवस घासून एकीला जमलं, तेही आरशासमोर, आणि संवाद म्हणायला लागली की परत यू. सोडून दिलं.

मग "अ‍ॅ" घेऊन बघितला, लाम–लॅम. बॅट, बॅग, कॅप रोज म्हणतो त्यामुळं तोंडात बसतो पटकन. पण ऐकायला डोहातला माणूस इंग्लिश मीडियमला गेल्यासारखा वाटतो. सगळे हसले, तिथंच संपलं.

धडा एवढाच की कलाकारांच्या तोंडात जे स्वर आधीपासून आहेत तेच घ्या. आमच्याकडं अ, आ, इ, उ, ए, ओ. बस.

२ जुलै

आता जरा रस्ता सापडला. आत्तापर्यंत मी स्वरांच्या जोड्या मनानं लावत होतो (हा स्वर त्याच्याशी, तो याच्याशी) आणि दुसऱ्या दिवशी मलाच आठवायचं नाही कुठला कशाशी. फुट–फीट मुळात झालं कसं ते बघितलं आणि तसंच करायचं ठरवलं.

तिथं असं झालं होतं: फार जुन्या जर्मॅनिक बोलीत (इंग्रजी आणि जर्मनची पूर्वज) पाय "फोट" आणि अनेक पाय "फोटिझ" असं काहीतरी होतं (हे अभ्यासकांनी जुळवून काढलेलं रूप आहे, लिहिलेलं सापडत नाही). म्हणजे तिथंही आधी शेपूटच होतं! शेपटातल्या "इ"साठी जीभ आधीच पुढं यायला लागली, त्यामुळं "ओ" घसरत घसरत "ए" झाला, मग शेपूट झडलं आणि राहिलं जुन्या इंग्रजीतलं फोट–फेट. पुढं इंग्रजीचे सगळेच लांब स्वर सरकले, त्यात त्याचं फीट झालं. म्हणजे आतला स्वर कुणी मुद्दाम बदललेला नाही, तो गेलेल्या "इ"चा माग आहे.

तर आमची कृती:

आधी सगळ्या नामांना अनेकवचनाला "इ" लावायची. थोम (मासा) – थोमि. मग "इ"मुळं आधीचा स्वर पुढं ओढायचा, थेमि. मग "इ" खोडायची. थेम. तसंच गूम–गीम (दगड), लाम–लेम (होडी). ज्यात आधीच ए किंवा ई आहे तो शब्द बदलणार नाही, कारण पुढं ओढायला जागाच नाही. हे न बदलणारे शब्द मला फार आवडले कारण भाषा एकदम खरी वाटायला लागते. आपल्याकडं बैल–बैल, दगड–दगड, उंदीर–उंदीर आहेच की.

हे एकदा कळलं की पाठ करावं लागत नाही, कुठलाही नवा शब्द द्या, अनेकवचन आपोआप निघतं.

५ जुलै

शब्द वाढले म्हणून स्प्रेडशीट केली आणि तिथं तीन दिवस घालवले, त्यामुळं हे जरा सविस्तर.

सब्स्टिट्यूटचा फॉर्म्युला लावला, "ा" दिसला की "े" कर, "ो" दिसला की "े", "ू" दिसला की "ी". दोन लफडी झाली. एक, शब्दाच्या सुरुवातीला "आ" असेल तर तो काना नसतो, अख्खं वेगळं अक्षर असतं, त्यामुळं "आरोम" चं "आरेम" झालं, पहिला आ तसाच. दोन, साधा "अ" लिहिलेलाच नसतो! "बसन" मध्ये ब, स, न एवढीच अक्षरं, मधला अ दिसतच नाही तर फॉर्म्युला शोधणार काय. आणि शेवटच्या न मधला अ आपण बोलत नाही हे तर मशीनला सांगायची सोयच नाही.

९ जुलै

अजून एक. मधे हौस म्हणून "ए" चा "ई" असाही नियम घातला होता. फॉर्म्युले एकात एक असल्यामुळं लाम चं आधी लेम झालं आणि लगेच त्याच लेम चं लीम. होड्या दोन जिने चढून गेल्या. तो नियम काढला पण खरा इलाज वेगळा केला, तो देतो:

शब्द तोडून ठेवायचा. पहिला रकाना व्यंजन, दुसरा स्वर (पूर्ण अक्षर, आ, ओ, ऊ असं, अ सुद्धा लिहायचा), तिसरा व्यंजन, चौथा स्वर, पाचवा व्यंजन. शेजारी एक छोटा तक्ता, मूळ स्वर आणि त्याचा अनेकवचनी स्वर. व्हीलुकअपनं (तक्त्यात शोधून देणारा फॉर्म्युला) एकदाच बघायचं, त्यामुळं बदललेला स्वर परत बदलत नाही. दुसऱ्या तक्त्यात स्वराची मात्रा आणि शेवटी सगळं जोडायचं. शब्द भरायला वेळ लागतो पण नंतर डोकं शांत. रोमनमध्ये लिहिलं असतं तर हे काहीच लागलं नसतं हे खरं आहे, पण कलाकारांना देवनागरीच पाहिजे, रोमनमध्ये दिलं की प्रत्येक जण आपापलं वाचतो.

१८ जुलै

पहिलं वाचन. "लेम" म्हणजे होड्या, आणि माणसाला मी शब्द ठेवला होता "लोम", त्याचं अनेकवचनही "लेम". होड्या आल्या का माणसं आली? नाटकातला सगळ्यात मोठा प्रसंग नेमका तोच, पुरात होड्या येतात आणि माणसं राहतात. दादा म्हणाले, "भावा, इथं रडायचंय लोकांना, कोडं नाही सोडवायचं."

आ आणि ओ दोन्ही ए वरच येऊन बसतात ही त्या नियमाची खोडच आहे. नुसता शब्द बदलून भागलं असतं, पण पुढं परत कुठंतरी तेच निघालं असतं. वेल्श भाषेत उत्तर मिळालं. तिथंही हाच "इ"चा खेळ झालाय पण काही शब्दांत आ चा "आइ" होतो, कावळा ब्रान, कावळे ब्राइन. लांब शब्दात तर दोन्ही स्वर हलतात, मेंढी दावाद, मेंढ्या देवाइद. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोलकीननं त्यानं स्वतः बनवलेल्या सिंडारिन भाषेला वेल्शचंच वळण दिलं, तिथं माणूस अदन आणि माणसं एदाइन. तोच साचा उचलला: शेवटचा आ असेल तर आइ, त्याच्या आधीचा अ–आ असेल तर ए. लाम–लाइम. लोम–लेम. बासाक (घर) – बेसाइक. पंजा–बोटं चाचणीत "आइ" कुणाचाच चुकला नाही, पंखा चालू असताना सुद्धा.

एस्पेरांतो ही आधीच बनवलेली भाषा का नाही घेतली असं एकानं विचारलं. १८८७ ची ती भाषा शेपूटवालीच आहे, होमो–होमोय. तिच्यातूनच १९०७ ला निघालेल्या इदो भाषेत शेवटचा ओ काढून ई ठेवला, होमो–होमी, म्हणजे आपल्या घोडा–घोडे सारखंच, फक्त टोकाचा स्वर. तेही चाललं असतं, पण टोकाचा स्वर आमचे कलाकार खातात. वाक्य संपत आलं की श्वास संपतो आणि शेवटचं अक्षर गिळलं जातं. आतला स्वर गिळता येत नाही.

२९ जुलै

पाऊस. हॉलच्या पत्र्यावर असा आवाज की तालीम शक्यच नाही, म्हणून चहा आणि भडंग घेऊन नुसते बसलो. खर्चाच्या वहीत आत्तापर्यंत भडंग झेरॉक्सच्या पुढं गेलंय.

डोहातल्या म्हाताऱ्या मंडळींची भाषा जरा जुनी, दरबारी वाटावी अशी दादांची इच्छा आहे. मिरजेच्या ताईंना उर्दू येते, त्यांनी अरबीतून आलेली अनेकवचनं सांगितली, किताब–कुतुब वगैरे. व्यंजनं जागच्या जागी आणि स्वर सगळे नवीन. मी म्हटलं हे आपल्या लोकांना जमायचं नाही. तर त्या म्हणाल्या, "अरे तू रोज बोलतोस की. अमीर–उमराव म्हणतोस ना? उमरा हे अमीरचंच अनेकवचन. गरीब–गुरबा म्हणतोस, त्यात गुरबा म्हणजे गरीबचं अनेकवचन."

मी गारच पडलो. अमीर–उमरा, गरीब–गुरबा, फकीर–फुकरा, एकाच साच्यातून काढल्यासारखे. आणि आपण वर "गरीबगुरबे" करून अनेकवचनाचं परत अनेकवचन केलंय. मग सगळे मागंच लागले. नायब तहसीलदारातला नायब, त्याचं अनेकवचन नवाब झालं आणि पुढं एकट्या माणसाला लागलं. हाल चं अनेकवचन अहवाल, ते आपण सरकारी कागदाला दिलं. पाऊस थांबला तरी कुणी उठेना.

साचा वापरायला एकदम सोपा: पहिला अ–ई असेल तर उ–आ करायचं. म्हाताऱ्यांसाठी शमीद–शुमदा, पुजाऱ्यांसाठी दहीम–दुहमा. एकालाही शिकवावं लागलं नाही, पहिल्या फटक्यात बोलले, कारण गरीब–गुरबा जिभेवर आहेच. आख्खी भाषाच या साच्यावर करूया असं मला वाटलं होतं पण दादांनी अडवलं आणि बरं केलं, प्रत्येक शब्दाला वेगळा साचा लागायला लागला असता. फक्त मान–पदवीच्या शब्दांना ठेवलाय, तोही त्या लोकांनी वरच्या कुणाकडून तरी उचललाय असं समजून.

११ ऑगस्ट

कलाकार आता संवाद पाठ म्हणतात आणि हळूच मराठी शिरायला लागलीये. थोम चं अनेकवचन "थोमे". लाम चं "लामे". म्हणजे घोडा–घोडे चा ए गपचूप येऊन चिकटला. थेम शिकवून महिना उलटून गेला, रागवून फायदा नाही, घाईत जे रोजचं आहे तेच बाहेर पडतं. लहान पोरं "लाकूडं", "देऊळं" म्हणतात तसंच आहे हे, लाकडं, देवळं मधला ऊ बदलायचा असतो हे त्यांना अजून माहीत नसतं. इंग्रजीतही बुक एकेकाळी फुट सारखंच होतं, बोक–बेच, पुढं लोकांनी बुक्स करून टाकलं. जे शब्द रोज तोंडात असतात तेच जुनं रूप धरून ठेवतात, बाकीचे सगळे लायनीत उभे राहतात.

मग एक केलं. नाटकात डोहातलं एक लहान पोरगं आहे. त्याच्या तोंडी मुद्दाम "थोमे" ठेवलं आणि त्याची आई त्याला मधेच "थेम" म्हणून सुधारते. कुठलीही आई करते ते. वाचनाला बसलेल्या बाहेरच्या दोघातिघांना भाषेचा गंध नसताना हे बरोबर कळलं, आणि त्यातूनच पुढच्या प्रवेशात थेम म्हणजे मासे हे त्यांच्या डोक्यात राहिलं. बाकीच्या कलाकारांची चूकही त्यानंतर कमी झाली, कारण "थोमे" आता बारक्याचं झालं, दुसऱ्या कुणाला ते म्हणायला लाज वाटते.

१६ सप्टेंबर

गणपतीत तालमी बंद होत्या, सगळे मंडळात. परत आलो तर निम्मं विसरलेले. नाम विसरले की वाक्यात अनेकवचनाचा दुसरा काही पुरावाच राहत नाही असं दिसलं.

मराठीत असं होत नाही. बैल आला, बैल आले. नाम काही सांगत नाही पण क्रियापद सांगतं, विशेषण सांगतं (काळा बैल, काळे बैल). आमच्या भाषेत क्रियापद दोन्हीकडं तेच होतं, त्यामुळं नामाचा स्वर ऐकू नाही आला की गेलं. म्हणून क्रियापदालाही तोच नियम लावला. "लाम शाव" होडी आली. "लाइम शाइव" होड्या आल्या. "लेम शाइव" माणसं आली. न बदलणाऱ्या शब्दांचाही प्रश्न सुटला: "नील शाव" एक पक्षी आला, "नील शाइव" पक्षी आले.

याचा खर्च म्हणजे सगळी संहिता परत काढावी लागली, झेरॉक्स आणि स्पायरलचे मिळून साडेतीनशे रुपये, आणि ज्यांचं पाठ झालं होतं त्यांच्या शिव्या. नवीन भाषा करणाऱ्यांनी हे पहिल्या आठवड्यातच ठरवावं. एकाच जागेवर सगळा भार टाकू नका, दोन ठिकाणी खूण ठेवा.

८ ऑक्टोबर

मोठ्या नाट्यगृहात तासभर मिळाला. दादा शेवटच्या रांगेत, मी बाल्कनीत, खाली कलाकार, माइक बंद. परत बोटं–पंजा, या वेळी पूर्ण वाक्यांवर.

गूम–गीम उत्तम. ओठ गोल का ताणलेले हे पुढच्या रांगांना दिसतंसुद्धा. लाम–लाइम उत्तम. शमीद–शुमदा उत्तम. थोम–थेम मात्र बाल्कनीत डळमळलं, विशेषतः म्हाताऱ्याचं काम करणारा आवाज खाली आणून बोलतो तेव्हा. शब्द बदलायचा नाही असं ठरलं, त्याऐवजी त्या वाक्यांत क्रियापद नामाला चिकटून आणलं, मधे दुसरा शब्द येऊ दिला नाही. "थेम शाइव" एका दमात म्हटलं की कळतं.

रडायचा प्रसंग दोन्ही प्रकारे करून बघितला. "लाइम शाव" असं क्रियापद एकानं चुकवलं तरी होड्याच ऐकू आल्या, म्हणजे दुसरी खूण कामाला आली.

१३ ऑक्टोबर

शब्दयादी बंद केली. ज्याला पाहिजे त्याला शीट देतो, फक्त मात्रांचा तक्ता हलवू नका, जोडणीचा फॉर्म्युला त्याच्यावर आहे आणि एक रकाना सरकला की सगळे मासे दगड होतात. प्रॉम्प्टरच्या प्रतीत प्रत्येक अनेकवचनाखाली लाल रेघ मारलीये. जतचा पोरगा अजून म्हणतोय गळु लावा म्हणून.